खेळण्यातले संगीत : कोइची सुगियामा

२०२१ सालच्या जुलै महिन्याच्या २३ तारखेस तोक्यो येथे ऑलिंपिक क्रीडामहोत्सवाचे उद्घाटन झाले. जगभर पसरलेल्या साथीमुळे प्रेक्षकांचे सज्जे रिकामे होते, आणि साठेक हजार माणसे बसू शकतील अशा त्या विशाल क्रीडागारात देशोदेशींच्या खेळाडूंनी आपापल्या ध्वजामागून चालत यावयाचे होते. परंपरेप्रमाणे ग्रीसचे पथक सर्वांत पुढे होते. ते आत येऊ लागले आणि पितळी वाद्यांची एक ललकारी उठली. पाठोपाठ एक भारदस्त, चालत्या पावलांना सहज ठेका देणारी धून सुरू झाली. आपल्याकडेही तो सोहळा अनेक घरांतून पाहिला गेला. ही एखादी जुनी जपानी लष्करी कूच असावी, असे तेव्हा कोणास वाटले असेल तर त्यात नवल नाही. जपानी माणसांना मात्र पहिल्या दोन स्वरांतच तिची ओळख पटली. ती ‘ड्रॅगन क्वेस्ट’ नावाच्या व्हिडिओ गेमची प्रारंभिका होती. तिचे रचनाकार कोइची सुगियामा त्या वेळी नव्वद वर्षांचे होते.

मुलांनी दूरचित्रवाणीच्या पडद्याशी बसून खेळावयाच्या एका खेळण्याचे संगीत राष्ट्रीय सोहळ्याच्या अग्रभागी जाऊन बसावे, ही गोष्ट पस्तीस वर्षांपूर्वी कोणी बोलून दाखविली असती तर ती थट्टा ठरली असती. ती थट्टा खरी कशी झाली, याचे उत्तर पुष्कळ अंशी या एका माणसाच्या कारकिर्दीत सापडते. आणि ती कारकीर्द सुरू झाली ती, सर्वसामान्य माणूस निवृत्तीचा विचार करू लागतो त्या वयात.

सुगियामा यांचा जन्म ११ एप्रिल १९३१ रोजी तोक्योत झाला. घरात संगीताची आवड होती. बालपणाचा उत्तरार्ध युद्धात गेला. संगीत महाविद्यालयात जावे अशी इच्छा होती, पण तेथील प्रवेशास पियानो वाजविता येणे आवश्यक असे आणि ते त्यांना नीटसे साधत नव्हते. म्हणून आपण तोक्यो विद्यापीठात गेलो, असे ते पुढे हसत सांगत. तोक्यो विद्यापीठ ही जपानमधील सर्वांत कठीण प्रवेशाची संस्था आहे, हे ध्यानी घेतले म्हणजे त्या सांगण्यातील मिस्कीलपणा कळतो. संगीताचे शास्त्र त्यांनी कोणा गुरूपाशी बसून घेतले नाही. ध्वनिमुद्रिका ऐकाव्या, स्वरलिपीची पुस्तके समोर धरावी आणि हा स्वर येथे का आला याचा स्वतःच शोध घ्यावा, असे ते शिक्षण होते.

विद्यापीठातून बाहेर पडल्यावर ते प्रथम नभोवाणीत आणि मग १९५८ मध्ये फुजी दूरचित्रवाणी कंपनीत गेले. १९५९ साली सुरू झालेल्या ‘हिट परेड’ या लोकप्रिय गीतांच्या कार्यक्रमाचे ते दिग्दर्शक होते. कोणते गाणे लोकांच्या तोंडी बसते, कोणते दुसऱ्या आठवड्यास विरून जाते, हे दर आठवड्यास प्रत्यक्ष पाहावयास मिळणे ही रचनाकाराच्या दृष्टीने केवढी शाळा! १९६५ मध्ये त्यांनी नोकरी सोडली आणि १९६८ पासून ते केवळ संगीतरचना करू लागले. ‘द पीनट्स’ या जुळ्या गायिका भगिनींचे १९६७ चे ‘कोइ नो फूगा’, ‘द टायगर्स’ या तरुण वाद्यवृंदाची गीते, ‘गारो’ या त्रयीचे १९७२ चे विद्यार्थ्यांच्या वस्तीतील उपाहारगृहावरील गीत, अशी त्यांची कितीतरी गाणी त्या काळी घरोघर वाजत होती. जाहिरातींच्या धुना त्यांनी पुष्कळ केल्या. जाहिरातीच्या धुनेला काही सेकंदांत आपले म्हणणे मांडून मोकळे व्हावे लागते. हा सराव पुढे फार उपयोगी पडावयाचा होता. तोक्यो व नाकायामा येथील मोठ्या घोडशर्यतींच्या आरंभी वाजणारी ललकारीही त्यांचीच.

पन्नाशी उलटली तेव्हा ते असे प्रतिष्ठित आणि स्थिरावलेले संगीतकार होते. मात्र त्यांना खेळांचे विलक्षण वेड होते. बॅकगॅमन हा फाशांचा प्राचीन खेळ ते निष्ठेने खेळत, आणि घरी संगणक आल्यावर त्यावरील खेळही त्याच निष्ठेने खेळू लागले. एनिक्स नावाच्या कंपनीने काढलेला शोगीचा, म्हणजे जपानी बुद्धिबळाचा, एक खेळ त्यांनी विकत घेतला होता. खेळाच्या पेटीत ग्राहकांचे अभिप्राय मागविणारे एक कार्ड असे. सुगियामा यांनी त्यावर आपले मत लिहिले आणि ते कार्ड टपालाने कंपनीकडे गेले. कार्यालयात कोणीतरी खालचे नाव वाचले आणि गोंधळ उडाला. हे ते संगीतकार सुगियामाच की त्याच नावाचा दुसरा कोणी? चौकशी झाली, खात्री पटली, आणि कंपनीने त्यांस विचारले की, आमच्या खेळांना आपण संगीत द्याल काय? त्यांनी आनंदाने होकार दिला. कंपनीच्या बाजूने हे धाडस होते, आणि खेळ तयार करणाऱ्या विशीतल्या तरुणांना तर ते प्रथम फारसे रुचलेही नाही. दूरचित्रवाणीवरच्या गाण्यांचा हा वडीलधारा माणूस, याला आमच्या खेळातले काय कळणार, असा त्यांचा भाव होता. हा माणूस स्वतःच अट्टल खेळाडू आहे हे कळल्यावर तो भाव मावळला.

या खेळांचे संगीत आणि चित्रपटाचे संगीत यांत एक मूलभूत भेद आहे. चित्रपटाच्या संगीतकाराला प्रसंग किती सेकंदांचा आहे हे आधी ठाऊक असते. नायिका दार उघडते तेथे व्हायोलिन सुरू करावयाचे, ती वळते तेथे थांबवावयाचे, असा हिशेब त्याला मांडता येतो. खेळात तसे काहीच हाती नसते. खेळणारा मुलगा किल्ल्यात एक मिनिट थांबेल किंवा जेवायला बोलावले म्हणून खेळ तसाच ठेवून तासाभराने परत येईल. धून मात्र चालूच राहावयाची. अर्ध्याएक मिनिटाची रचना संपून पुन्हा आरंभापासून सुरू होते, असे शेकडो वेळा. एकदा ऐकून मोहून टाकणारी चाल बांधणे एक आणि शंभराव्या वेळी कंटाळा येणार नाही अशी चाल बांधणे दुसरे. ऐकून ऐकून झिजणार नाही असे संगीत हवे, हा विचार सुगियामा वारंवार मांडीत.

दुसरी अडचण यंत्राची होती. निन्तेंदो कंपनीने १९८३ मध्ये बाजारात आणलेल्या ‘फामिकॉम’ या यंत्रात स्वर काढण्याची जी सोय होती ती अगदी तुटपुंजी. चाल वाजवू शकतील असे आवाज तीनच: दोन किंचित पिपाणीसारख्या धारदार नादाचे, आणि तिसरा मऊ पण ज्याचा जोर कमीअधिक करता येत नाही असा, बहुधा खर्जासाठी वापरला जाणारा. चौथा आवाज म्हणजे नुसती खरखर. तिच्यातून ताल किंवा स्फोट सुचवावयाचे. पाचवी सोय आधी मुद्रित केलेला एखादा तुटक ध्वनी वाजविण्याची होती, पण ती जागा फार खाई. त्यातही तलवारीचा वार किंवा दाराची करकर ऐकवावयाची असली तर चालू संगीतातील एखादा आवाज तेवढ्यापुरता काढून घ्यावा लागे. म्हणजे तीन गवयांची मैफल, आणि त्यांतला एक मधूनच उठून दार उघडायला जाणार! शिवाय पहिल्या ‘ड्रॅगन क्वेस्ट’ची सगळी सामग्री, म्हणजे चित्रे, संवाद, नियम आणि संगीत, ६४ किलोबाइट इतक्या जागेत मावावयाची होती. आज खिशातील फोनने काढलेले एखादे छायाचित्रही त्याहून कितीतरी मोठे असते.

ही साधने पाहून एखाद्या मान्यवर संगीतकाराने नाक मुरडले असते तर ते क्षम्य ठरले असते. सुगियामा यांनी तसे केले नाही. बाखने एकट्या व्हायोलिनसाठी, एकट्या चेलोसाठी ज्या रचना केल्या त्यांत स्वरसंगतीची वाण कोठे भासते? आपल्याकडे एकतारी आणि टाळ एवढ्यावर म्हटलेला अभंग ऐकताना कोणी अधिक वाद्ये मागत नाही. दोनच स्वरपंक्ती असल्या तरी त्या एकमेकींना खरोखर उत्तरे देत असतील, तर ऐकणाऱ्याचे मन उरलेली जागा आपोआप भरून काढते. पहिल्या खेळातील किल्ल्याची धून या तत्त्वावर उभी आहे. अठराव्या शतकातील युरोपीय दरबाराची आठवण करून देणारी ती चाल आहे. वरची पंक्ती गंभीरपणे पुढे जाते, खालची तिला सावरीत आणि अडवीत चालते. एका पिपाणीच्या नादात राजवाड्याचा भारदस्तपणा येतो तो या बांधणीमुळे. नादाच्या श्रीमंतीवर तेथे काहीच सोपविलेले नाही.

२७ मे १९८६ रोजी बाहेर आलेल्या या खेळाची कथा युजी होरी यांची, चित्रे अकिरा तोरियामा यांची आणि संगीत सुगियामा यांचे. एक वीर एकट्याने निघतो आणि दुष्ट ड्रॅगनराजाचा नाश करतो, इतकी साधी ती कथा. संगीताच्या मुख्य रचना अवघ्या आठ: प्रारंभिका, किल्ला, गाव, मोकळा प्रदेश, लढाई, भुयार, ड्रॅगनराजा आणि समाप्ती. मोकळ्या प्रदेशातील चाल उदास आहे. मुलांच्या साहसकथेत वीर घराबाहेर पडला की नगारे वाजावे, अशी कोणाचीही अपेक्षा असणार. येथे एक सडा, एकाकी सूर ऐकू येतो. कारण वीर एकटा आहे, प्रदेश अनोळखी आहे आणि त्याच्या कमरेला धड तलवारही नाही. पुढच्या वर्षीच्या दुसऱ्या खेळात वीरास दोन सोबती मिळतात. तिघे एकत्र आले म्हणजे चाल बदलते आणि उल्हासाची होते. सोबतीचे सुख संवादांतून सांगण्याची मग गरजच उरत नाही.

भुयाराच्या धुनेतील युक्ती तर अधिकच पाहण्यासारखी आहे. जिना उतरून खेळणारा खालच्या मजल्यावर गेला की तीच धून किंचित खालच्या स्वरात आणि किंचित संथ वाजू लागते. आणखी खाली गेला की आणखी खाली. नवी रचना साठवावयास जागा नव्हती. होती तीच रचना उतरवीत नेली, आणि खोल अंधारात उतरत असल्याची जाणीव मुलाच्या कानांतून थेट छातीपर्यंत पोचली. काटकसरीतून इतका नेमका परिणाम साधल्याची उदाहरणे विरळाच.

प्रारंभिका आपल्याला पाच मिनिटांत सुचली, असे सुगियामा सांगत. मात्र ती पाच मिनिटे येण्यापूर्वी आयुष्याची चौपन्न वर्षे खर्ची पडली होती, तीही धरा, अशी पुस्ती ते जोडीत. ही पुस्ती खरी मानावयास हवी. त्याच सुमारास निन्तेंदोमध्ये कोजी कोन्दो हे विशीतील संगीतकार ‘सुपर मारिओ ब्रदर्स’साठी (१९८५) ठेका धरावयास लावणाऱ्या चाली रचीत होते आणि त्यांचे कामही थोर आहे. पण ते या यंत्राबरोबर वाढलेल्या पिढीचे. सुगियामा बाहेरून आले, येताना जुन्या युरोपीय संगीताचा अभ्यास, गाण्यांच्या बाजाराचे ज्ञान आणि जाहिरातींची काटकसर घेऊन आले, आणि यांतले काहीही त्यांना तेथे टाकून द्यावे लागले नाही.

दुसऱ्या खेळात एक मोठी कटकट होती. खेळ मध्येच थांबवून दुसऱ्या दिवशी पुढे चालू करावयाचा तर यंत्र एक लांबलचक सांकेतिक मंत्र देई. तो कागदावर उतरवून घ्यावयाचा आणि दुसऱ्या दिवशी अक्षर अक्षर जुळवून पुन्हा भरावयाचा. हा मंत्र ५२ अक्षरांपर्यंत लांब असे. एक अक्षर चुकले की सारे श्रम वाया! किती मुलांनी वहीतले आपलेच गिचमिड अक्षर पाहून डोळ्यांतून पाणी काढले असेल कोण जाणे. या पडद्यासाठी सुगियामा यांनी एक हलकेफुलके, प्रेमगीताच्या वळणाचे सुरेल गाणे दिले. त्रास टळण्यासारखा नव्हता, तो निदान गुणगुणत सोसावा.

तिसऱ्या खेळाच्या वेळी, म्हणजे १९८८ च्या फेब्रुवारीत, तोक्योतील दुकानांपुढे लांबच लांब रांगा लागल्या. शाळा बुडवून रांगेत उभ्या राहिलेल्या मुलांना पोलिसांनी पकडल्याच्या बातम्या झळकल्या. कथा इतकी विस्तारली होती की जागा पुन्हा अपुरी पडली, आणि या वेळी गदा आली ती प्रारंभिकेवरच. खेळ सुरू केला की काळ्या पडद्यावर नुसते नाव उमटे, आणि संपूर्ण शांतता. ज्या धुनेने मालिकेची ओळख करून दिली तीच गायब! पण याच खेळात सुगियामा यांच्या संगीताचा सर्वांत सुंदर क्षण आहे. खेळणारा सारे जग पालथे घालतो, शत्रूचा पाडाव करतो, आणि आता संपले असे वाटत असताना भूमी दुभंगून तो एका खालच्या, सूर्य नसलेल्या जगात उतरतो. काळोखात पहिले पाऊल पडते, आणि पहिल्या खेळातील मोकळ्या प्रदेशाची ती एकाकी चाल वाजू लागते. हाच तो प्रदेश, दोन वर्षांपूर्वी आपण एकट्याने तुडविलेला! तीन खेळांची कथा एकच आहे हे कोणी बोलून दाखविण्यापूर्वी ऐकणाऱ्याला कळून चुकते. वाग्नरने आपल्या संगीतनाट्यांत प्रत्येक पात्राला आणि वस्तूला स्वतःची सुरावट देऊन हेच साधले होते; येथे ते बारा-तेरा वर्षांच्या मुलांना घरबसल्या, तीन आवाजांच्या पेटीतून मिळाले.

ही मुले वाद्यवृंदाच्या संगीताची भावी श्रोते आहेत, हे सुगियामा यांनी ओळखले होते. २० ऑगस्ट १९८७ रोजी तोक्योच्या सन्तोरी सभागृहात त्यांनी ‘ड्रॅगन क्वेस्ट’च्या संगीताचा जलसा केला. खेळांच्या संगीताला जलशाच्या सभागृहात स्थान मिळण्याचे हे पहिले मोठे उदाहरण होय. ‘कौटुंबिक अभिजात संगीताचा जलसा’ असे त्याचे नाव ठेवले होते. ज्यांनी कधी ओबो किंवा फ्रेंच हॉर्न प्रत्यक्ष पाहिला नव्हता अशी मुले आईबापांचा हात धरून आली आणि पेटीतील पिपाणीमागे कोणती वाद्ये दडली होती ते त्यांनी ऐकले. जपानच्या राष्ट्रीय प्रसारण संस्थेचा, म्हणजे एनएचकेचा सिंफनी वाद्यवृंद, लंडन फिलहार्मोनिक, तोक्यो महानगर सिंफनी वाद्यवृंद अशा वृंदांनी पुढे या रचनांच्या ध्वनिमुद्रिका केल्या. १९९५ साली यावर एक बॅलेही रंगभूमीवर आला. सुगियामा स्वतः हाती दंड घेऊन वृद्धापकाळापर्यंत हे जलसे चालवीत राहिले.

पुढील खेळांविषयी थोडक्यात सांगितले तरी चालेल. यंत्रे सुधारली, आवाज वाढले, शेवटी साक्षात वाद्यवृंदाचे मुद्रणही खेळात वाजविता येऊ लागले. १९८६ पासून २०१७ पर्यंतच्या मुख्य मालिकेतील अकराही खेळांचे संगीत त्यांनी दिले. नंतरच्या रचनांत कौशल्य आहे, प्रसंगी वैभवही आहे. परंतु त्या तीन आवाजांच्या काळात जी निकड होती, एकही स्वर फुकट जाता कामा नये अशी जी ओढ होती, ती साधनांच्या सुबत्तेत थोडी सैलावली असे म्हणणे अन्यायाचे होणार नाही. २०१६ मध्ये व्हिडिओ गेमचे सर्वांत वयोवृद्ध संगीतकार म्हणून गिनेस विक्रमांच्या पुस्तकाने त्यांची नोंद घेतली. २०२० मध्ये जपान सरकारने ‘सांस्कृतिक गुणवंत’ म्हणून त्यांचा गौरव केला.

या चरित्राची दुसरी बाजू वगळून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. सुगियामा कट्टर राष्ट्रवादी विचारांचे होते आणि ते विचार त्यांनी कधी लपविले नाहीत. दुसऱ्या महायुद्धात जपानी सैन्याने कोरिया, चीन, फिलिपिन्स आदी देशांतील स्त्रियांना लष्करी कुंटणखान्यांत डांबले. स्त्रियांवर बळजबरी झाली होती, हे १९९३ मध्ये जपान सरकारने स्वतः मान्य केले होते. असे असता सैन्याने सक्ती केल्याचा पुरावा नाही असे सांगणारी एक पानभर जाहिरात १४ जून १९८७ नंतर बरोबर वीस वर्षांनी, म्हणजे १४ जून २००७ रोजी, ‘वॉशिंग्टन पोस्ट’ या अमेरिकन दैनिकात झळकली, आणि तिच्याखाली सुगियामा यांचे नाव होते. त्या स्त्रियांपैकी काही तेव्हा हयात होत्या आणि आपली हकीकत स्वमुखाने सांगत होत्या. २०१५ साली एका कार्यक्रमात, समलिंगी व्यक्तींविषयी शाळांतून शिकविण्याचे कारण नाही, या मतालाही त्यांनी दुजोरा दिला. म्हणूनच ऑलिंपिकच्या संचलनास त्यांची धून निवडली गेली तेव्हा जपानमध्ये आणि बाहेरही टीका झाली. सर्व मानवजातीच्या ऐक्याचा सोहळा आणि त्याच्या अग्रभागी हा माणूस, हे कसे जुळावे?

धून ही धून आहे, तिला मते नसतात, असे म्हणून हा प्रश्न झटकता येतो; पण ते उत्तर सोपे म्हणूनच संशयास्पद आहे. ज्या कोरियन वा चिनी घरात त्या पिढीची आठवण जिवंत आहे तेथे ती ललकारी कशी ऐकू आली असेल, याचा विचार ती निवडणाऱ्यांनी करावयास हवा होता. उलट, ज्या मुलाने काळोख्या भुयारात त्या संगीताचा हात धरून धैर्य मिळविले त्याचे ते ऋणही खोटे ठरत नाही. सोबती मिळाल्यावर चाल उल्हासाची करणाऱ्या रचनाकाराला दुसऱ्यांचे एकाकीपण उत्तम कळत होते, आणि तरीही काही माणसांच्या दुःखापुढे त्याने कान बंद करून घेतले. या दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या आहेत. संगीतावर प्रेम करणाऱ्यांनी त्यांतील एक विसरली तर ती सोय होईल, न्याय होणार नाही.

ऑलिंपिकच्या उद्घाटनानंतर सव्वादोन महिन्यांनी, ३० सप्टेंबर २०२१ रोजी, सुगियामा यांचे निधन झाले. अंत्यविधी कुटुंबीयांपुरता झाला आणि ७ ऑक्टोबरला वार्ता जाहीर करण्यात आली. मालिकेतील बाराव्या खेळाची घोषणा त्याच वर्षी, पहिला खेळ निघाला त्या तारखेस, २७ मे रोजी झाली होती. त्या खेळाच्या संगीताचे काम त्यांनी हाती घेतले होते, आणि तेच त्यांचे अखेरचे काम ठरले.